अपघातानंतरचा दावा : हक्क, मुदत आणि गावाची जबाबदारी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे निघतात. पहाटेच्या अंधारात एखाद्या वळणावर ट्रॅक्टरची ट्रॉली उलटते आणि घरातला कर्ता माणूस जागीच जातो. प्रेत गावी आणले जाते, दहावे-तेरावे होते, नातेवाईक आपापल्या वाटेने जातात. त्यानंतर एखादे दिवशी कोणीतरी मध्यस्थ दारात येतो. विधवेच्या हातावर वीस-पंचवीस हजार रुपये ठेवतो आणि 'आता काही तक्रार नाही' अशा मजकुराच्या कागदावर तिचा अंगठा घेतो. त्या बाईचा आणि तिच्या मुलांचा कायद्याने असलेला हक्क कित्येक लाखांचा असू शकतो, हे तिला कोणी सांगत नाही. सांगणारे कोणी नसते असे नाही. गावात सरपंच असतात, ग्रामसेवक असतात, तलाठी असतात, शाळेत गुरुजी असतात. परंतु अपघात झाल्यावर पोलीस आणि दवाखाना यांच्यापलीकडे काही असते, याची जाणीव आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही.

शारीरिक इजेबद्दल भरपाई मागण्याचे दावे वकिलांकडे कोणकोणत्या स्वरूपात येतात, कोणता दावा कोठे दाखल होतो आणि गावाच्या पातळीवर त्याची पूर्वतयारी कशी होते, याची ओळख करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू होय.

रस्त्यावरील अपघात

या दाव्यांत सर्वांत मोठी संख्या मोटार अपघातांची आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये अशा दाव्यांसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापन झालेली आहेत. वाहनचालकाचा निष्काळजीपणा दाखवून पूर्ण भरपाई मागता येते. निष्काळजीपणा सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता ठराविक रक्कमही घेता येते. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या सुधारणेनुसार ही ठराविक रक्कम मृत्यूबद्दल पाच लाख रुपये व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये आहे. मात्र कमावत्या माणसाच्या बाबतीत निष्काळजीपणावर आधारलेल्या दाव्यात याहून पुष्कळ अधिक रक्कम मिळू शकते. म्हणून घाईने पहिला मार्ग सोडून देणे हिताचे नसते.

पुष्कळ लोकांचा असा समज असतो की, चालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला म्हणजे भरपाईचा दावाही बुडाला. हा समज चुकीचा आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणापुढे मात्र घटना बहुधा कशी घडली असावी, एवढ्या शक्यतेचे पारडे पुरेसे ठरते. मृताची वा जखमीची स्वतःचीही काही चूक असेल तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते. दावा नाहीसा होत नाही.

दावा कोठे दाखल करावयाचा, याबाबत कायद्याने फार मोठी सोय केली आहे. अपघात जेथे झाला तेथे, दावेदार जेथे राहतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे जाता येते. कोल्हापूर जिल्ह्यात मरण पावलेल्या मजुराच्या विधवेला प्रत्येक तारखेस कोल्हापूर गाठावे लागत नाही. ती बीडमध्ये दावा लावू शकते. तथापि, मुदतीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या सुधारणेने असा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करण्याची अट घातली आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर पाहू, ही आपल्याकडची रीत येथे घातक ठरते.

ट्रॉलीतील माणसे आणि पळून गेलेले वाहन

मालवाहू वाहनातून माणसे नेण्याचा प्रश्न विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. माल वाहून नेणाऱ्या वाहनात भाड्याने अगर फुकट बसलेल्या प्रवाशाची जोखीम विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. त्यामुळे लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॉली किंवा जत्रेचा टेम्पो उलटला तर दावा वाहनमालकावर उरतो. मालकाजवळ काही नसेल तर निकाल हाती असूनही रक्कम हाती येणे दुर्घट होते. कामावर असलेल्या मजुराची गोष्ट वेगळी असते. त्याला मालकाविरुद्ध कामगार म्हणून भरपाई मागता येते. मोटार अपघाताचा दावा आणि कामगार म्हणून दावा हे दोन्ही मार्ग खुले असतील, तेव्हा त्यांपैकी एकच निवडावा लागतो. ही निवड जाणत्या वकिलाच्या सल्ल्यानेच करावी.

धडक देऊन पळून गेलेल्या आणि मागमूस न लागलेल्या वाहनाबाबतही कायदा हात झटकत नाही. अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. अर्ज उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्याकडे दावा चौकशी अधिकारी म्हणून करावयाचा असतो व मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते. असे असूनही, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जी माहिती नोंदविली ती खेदजनक होती. २०२२ साली देशात अशा प्रकारचे ६७,३८७ अपघात झाले असता २०२२-२३ या आर्थिक वर्षात अवघे २०५ अर्ज आले होते. पैसा आहे, कायदा आहे, कचेरी तालुक्याला आहे. फक्त अर्ज नाही. हे अंतर भरून काढण्याचे काम गावाच्या पातळीवरच होऊ शकते.

कामावरील अपघात

मळणी यंत्रात हात जाणे, विहिरीचे काम चालू असता दरड कोसळणे, बांधकामावरील परातीसकट माणूस खाली येणे, हे प्रकार ग्रामीण भागात नित्याचे झाले आहेत. या क्षेत्रात १९२३ पासून कामगार भरपाईचा कायदा होता. त्याच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कामाच्या ओघात आणि कामामुळे अपघात घडला एवढे दाखविले की पुरे होते. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसून येत असल्यास, संहितेने यात धरला आहे. यांत्रिक शक्तीवर वा विजेवर चालणाऱ्या साधनांनी शेती करणाऱ्या मजुरांचाही यात समावेश होतो. म्हणून मळणी यंत्राचा मालक 'आमचा काही कारखाना नाही' असे म्हणून मोकळा होऊ शकत नाही.

भरपाईचे गणित सोपे आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावयाचे. तीस वर्षांच्या कामगारासाठी हा अंक २०७.९८ आहे. वेतन दरमहा दहा हजार रुपये धरल्यास रक्कम १०,३९,९०० रुपये होते. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी साठ टक्के वेतन धरले जाते. जे कामगार राज्य विमा योजनेखाली येतात त्यांना मात्र मालकाऐवजी त्या योजनेतून लाभ मिळतो.

वीज, रेल्वे आणि वायू

तुटून पडलेल्या विजेच्या तारेने माणूस दगावला तर 'तार चोरट्याने आकडा टाकल्यामुळे तुटली' असे उत्तर अनेकदा दिले जाते. मध्य प्रदेशात १९९७ साली सायकलवरून घरी निघालेला एक तरुण पावसाच्या पाण्याखाली पडलेल्या जिवंत तारेमुळे मरण पावला होता. त्या प्रकरणात २००२ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर फेटाळले. वीज ही स्वभावतःच धोकादायक वस्तू आहे. ती पुरविणाऱ्या संस्थेने निष्काळजीपणा केला नसला तरी तिच्यावर दायित्व येते, असे त्या निर्णयाचे सार आहे. असा अपघात घडल्यास पोलिसांबरोबरच विद्युत निरीक्षकांना कळविणे अगत्याचे आहे, कारण त्यांचा अहवाल पुढे महत्त्वाचा पुरावा ठरतो.

रेल्वेतून प्रवास करताना पडून मृत्यू आल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ अन्वये भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम आठ लाख रुपये आहे. रेल्वे दावा न्यायाधिकरणाची पीठे मुंबई व नागपूर येथे असून अर्ज एक वर्षाच्या आत करावयाचा असतो. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. दावेदाराने प्रथम प्रतिज्ञापत्र करावे, मग तो प्रवासी नव्हता हे दाखविण्याचा भार रेल्वेवर येतो. आत्महत्या, नशा किंवा स्वतःचे गुन्हेगारी कृत्य असेल तर मात्र भरपाई नाही. प्रवासी नसताना रूळ ओलांडताना झालेला मृत्यूही या तरतुदीत बसत नाही.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे झालेली वायुगळती आणि डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत झालेली ओलियम वायूची गळती यांनंतर न्यायालयांची दृष्टी बदलली. दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, धोकादायक उद्योग चालविणाऱ्यावर पूर्ण दायित्व राहील. कोणतीही सबब चालणार नाही. पुढे सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ संमत झाला. घातक पदार्थांच्या अपघातात सापडलेल्या नागरिकाला तातडीची मदत मिळण्यासाठी त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. औद्योगिक वसाहतींच्या लगत असलेल्या गावांनी ही तरतूद ध्यानात ठेवावी.

रुग्णालय आणि सार्वजनिक वास्तू

वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे हा आणखी एक प्रकार आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे १९९५ पासून प्रस्थापित झाले असून तक्रार दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे करावी लागते. सर्वांना विनामूल्य सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाबाबत दिवाणी न्यायालयात जाता येते. तत्कालीन औरंगाबाद येथील सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी एका स्त्रीच्या पोटात कापड राहून गेले व त्यातून तिचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली राज्य शासनास त्याबद्दल जबाबदार धरले. न्याय मिळाला, पण त्याला तेहेतीस वर्षे लागली, हेही विसरता येत नाही. अर्थात प्रत्येक अपयशी उपचार हा निष्काळजीपणा नसतो. सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जेवढी दक्षता घेतली असती तेवढी घेतली गेली की नाही, ही कसोटी आहे.

पंचायत सदस्यांना अधिक जवळचा विषय म्हणजे पडक्या भिंती, मोडकळीस आलेल्या पाण्याच्या टाक्या, उघडी गटारे. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, त्या प्रकरणात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेला जबाबदार धरले. मनोरा सुमारे ऐंशी वर्षांचा होता आणि त्यात वापरलेल्या चुन्याचे आयुष्य चाळीस ते पंचेचाळीस वर्षांचेच होते. तरीही त्याची योग्य तपासणी झाली नव्हती. वरून धड दिसणारी इमारत आतून धड आहे की नाही, हे पाहण्याचे कर्तव्य मालकाचे आहे, हा त्यातील बोध. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघडी भुयारी गटारे यांमुळे होणाऱ्या मृत्यूबद्दल सहा लाख रुपये, आणि दुखापतीबद्दल तिच्या स्वरूपाप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले. जी संस्था आज शाळेच्या भिंतीची दुरुस्ती पुढील अंदाजपत्रकावर ढकलते, तिने हा हिशेब मांडून पाहावा.

भरपाई कशी ठरते

न्यायाधिकरण मर्जीने आकडा देत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निर्णयांनी त्याची पद्धत घालून दिली आहे. चौतीस वर्षांचा एक गवंडी दरमहा बारा हजार रुपये मिळवीत होता आणि त्याच्या मागे पत्नी, दोन मुले व आई आहे, असे समजू. वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये. चाळीस वर्षांखालील स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याच्या उत्पन्नात भावी वाढीसाठी चाळीस टक्के मिळवावयाचे, म्हणजे २,०१,६०० रुपये झाले. चार अवलंबित असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी एक चतुर्थांश वजा केल्यास १,५१,२०० रुपये उरतात. त्याच्या वयास गुणक सोळा. गुणाकार २४,१९,२०० रुपये. यात अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींच्या ठराविक रकमा मिळवावयाच्या असतात. दारात आलेल्या मध्यस्थाचे पंचवीस हजार या आकड्याशेजारी ठेवून पाहिले म्हणजे प्रस्तुत विषयाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

जखमीच्या बाबतीत अपंगत्वाचा दाखला म्हणजे सर्वस्व नव्हे. एक हात गमावलेला चालक किंवा सुतार आणि एक हात गमावलेला कारकून यांचे शारीरिक नुकसान सारखे असले तरी कमाईचे नुकसान सारखे नसते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मांडले. म्हणून जखमी माणूस अपघातापूर्वी नेमके कोणते काम करीत होता, याचा पुरावा जपून ठेवावा. गृहिणीचे काम बिनमोल समजण्याची चूकही न्यायालयांनी सुधारली आहे. तिच्या श्रमाचे मूल्य धरूनच भरपाई ठरविली जाते.

गावाने काय करावे

अपघाताच्या पहिल्या काही दिवसांतच दावा उभा राहतो किंवा कोसळतो. जखमीस रुग्णालयात नेणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती आता निराधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सद्‌हेतूने मदत करणाऱ्यास कायदेशीर संरक्षण दिले आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीस निर्देशित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची योजना लागू झाली आहे. उपचार सुरू होताच पुढील कागद मिळविण्याची व्यवस्था व्हावी : प्रथम खबरीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा क्रमांक व विम्याचा तपशील, शवविच्छेदन अहवाल वा दुखापतीचा दाखला, औषधांच्या पावत्या, वयाचा पुरावा आणि उत्पन्नाचा पुरावा. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांकडे असतो, वारसांची माहिती तलाठ्याकडे, मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे. निम्मा दावा गावाच्या दप्तरातच असतो.

या दाव्यांखेरीज शासनाच्या साहाय्य योजनाही आहेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या शेतकऱ्याचा अथवा कुटुंबातील एका सदस्याचा अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. सर्पदंश व वीज पडणे यांचाही त्यात समावेश आहे. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत प्रस्ताव द्यावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना आहे. तिच्याखालील प्रस्तावास शाळेतूनच चालना मिळावयाची असल्यामुळे शिक्षकांवर विशेष जबाबदारी येते.

वकिलाबाबत दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. अमेरिकेसारख्या काही देशांत मिळणाऱ्या भरपाईतील हिस्सा हीच वकिलाची फी असते. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनी तशी फी ठरविण्यास मनाई केली आहे, आणि दारोदार जाऊन दावे गोळा करण्यासही मनाई आहे. रुग्णालयाच्या दाराशी उभे राहून 'तीस टक्के द्या, बाकी आम्ही पाहतो' असे म्हणणारा माणूस विश्वासास पात्र नाही, हे गावात सर्वांना सांगावे. दुसरे असे की, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तो निवाडा अंतिम असतो. त्यामुळे तेथे मान्यता देण्यापूर्वी आकड्याचा हिशेब समजून घ्यावा. अज्ञान मुलांची रक्कम न्यायाधिकरण बहुधा मुदत ठेवीत गुंतविते. ती अडवणूक नसून त्या मुलांच्या शिक्षणाची बेगमी आहे.

गेलेला माणूस कोणत्याही निवाड्याने परत येत नाही. परंतु त्याच्या मुलीची शाळा सुटू नये आणि म्हाताऱ्या आईला दुसऱ्याच्या दारी हात पसरावा लागू नये, एवढे या कायद्यांना निश्चित साधता येते. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या कार्यालयात या मुदतींचा तक्ता लावावा आणि अपघात घडलेल्या घरी तेराव्याच्या आत एका जाणत्या माणसाने कागदांची यादी घेऊन जावे. त्या घरातील बाईने कोऱ्या अथवा न समजलेल्या कागदावर अंगठा देऊ नये, एवढे जरी त्या भेटीत सांगितले गेले, तरी पुढील बरेचसे काम सोपे होईल.